टमी टकनंतर पोट परत पुढे आलंय? आतले टाके सैल झालेत की दुसरंच काही, हे कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं

टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून आतले फाकलेले स्नायू शिवून जवळ आणायचं ऑपरेशन, होऊन चार-सहा महिने झाले, कातडी छान सपाट बसली, व्रण पण फिका पडायला लागला, आणि तरी संध्याकाळ झाली की बेंबीच्या वरचा भाग पुढे येतो, बाजूने आरशात बघितलं की अजून पाचवा महिना चालू आहे असं दिसतं. असं सांगणाऱ्या बायका मला सारख्या भेटतात आणि त्यातल्या बऱ्याच जणी हे सर्जनला सांगतच नाहीत, कारण घरी आधीच ऐकून झालेलं असतं की एवढे पैसे घालून हौसेचं ऑपरेशन कशाला, मग आता तक्रार कुठल्या तोंडाने करायची. हे आधी मनातून काढा. बाळंतपणात पोटाचे स्नायू मधून फाकतात ही काही हौस नाही, आणि ते शिवून घेतल्यावर शिवण नीट टिकली का हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माझं स्वतःचं ऑपरेशन दोन सिझेरियननंतर झालंय आणि माझ्याही वरच्या बाजूला फुगवटा राहिला होता, त्यामुळे त्या वेळी जे जे शिकावं लागलं ते सगळं इथे एका जागी लिहितेय. वजन खूप उतरवल्यावर टमी टक करून घेणाऱ्या पुरुषांनाही यातलं बरंचसं लागू आहे.

माझं म्हणणं एकच आहे. फुगवटा दिसला म्हणजे टाके तुटले असं लगेच धरू नका आणि "सूज आहे, जाईल" म्हणून वर्ष वर्ष काढू पण नका. पुढे आलेल्या पोटामागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असू शकतात, प्रत्येकाचा इलाज वेगळा, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला केला तर नुकसान होतं.

ज्यासाठी एक दिवसही थांबायचं नाही

हे आधी वाचा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, गरम लागतेय, किंवा अचानक दम लागतोय, छातीत दुखतंय, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि पोटाचं ऑपरेशन कधी झालं ते पहिल्या वाक्यात सांगा. स्नायू आवळून शिवले की पोटातला दाब वाढतो, पायाकडून वर येणारं रक्त मंदावतं, वरून आपण वाकून, कमी चालत असतो, म्हणून पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जायचा धोका कॉस्मेटिक ऑपरेशनमध्ये टमी टकला जास्त धरला जातो. पहिले काही दिवस पोट आवळल्यासारखं वाटणं, खोल श्वास घेताना ताण जाणवणं हे होतंच, पण बसल्या जागी धाप लागणं हे त्यात धरायचं नाही.

ताप, टाक्यांभोवती लाली, पू, घाण वास, बेंबीची किंवा व्रणाच्या कडेची कातडी काळी पडणं, हे दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन. आणि पोटावर कडक गोळा आला, दुखतोय, आडवं झालं तरी आत जात नाही, उलट्या होतायत, गॅस पास होत नाहीये, तर ते हर्नियात, म्हणजे पोटाच्या भिंतीला पडलेल्या भोकात, आतडं अडकल्याचं लक्षण असू शकतं, रात्री दोन वाजले असले तरी निघा.

आत नक्की काय शिवतात

पोटावर उभे दोन लांब स्नायू असतात, बरगड्यांपासून खाली जांघेच्या मधल्या हाडापर्यंत, आणि दोघांच्या मधे एक पांढरी चिवट पट्टी. गरोदरपणात ही पट्टी ताणून रुंद होते, बऱ्याच जणींची नंतर आपोआप बरीचशी जवळ येते, काहींची येत नाही. दोन स्नायूंमधलं अंतर दोन सेंटीमीटरच्या वर राहिलं की डॉक्टर त्याला डायस्टॅसिस म्हणतात. टमी टकमध्ये सर्जन वरची कातडी-चरबी उचलून बाजूला करतात आणि त्या स्नायूंवरचा जो पांढरा जाड पडदा असतो तो मधोमध दुमडून शिवतात, याला प्लायकेशन म्हणतात. म्हणजे टाके स्नायूच्या मांसात नसतात, पडद्यात असतात. सगळा ताण तो पडदा आणि तो दोरा घेतो. त्यामुळे बिघाड होतो तोही तिथेच: गाठ सरकते, दोरा तुटतो, किंवा दोरा शाबूत राहून पडदाच कापत पुढे जातो, खोकला-कुंथणं-वजन उचलणं यात हे तिसरं जास्त होतं.

दोरा कुठला वापरला हे म्हणून महत्त्वाचं आहे. व्हिक्रिल हा विरघळणारा दोरा, चार-पाच आठवड्यांत त्याची ताकद जवळपास संपते आणि दोन-सव्वादोन महिन्यांत तो नाहीसा होतो. पीडीएस पण विरघळतो पण सावकाश, पूर्ण जायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात. प्रोलीन, नायलॉन हे न विरघळणारे. आता बघा, पडद्याची शिवण भरून यायचा वेग असा की सहा-सात आठवड्यांनी ताकद साधारण निम्मी, तीन महिन्यांनी बऱ्यापैकी, आणि मूळची पूर्ण ताकद तर कधीच येत नाही. म्हणजे दोरा लवकर विरघळणारा असेल तर तो सोडतो तेव्हा पडदा अजून कच्चाच असतो. म्हणून बहुतेक सर्जन या कामाला न विरघळणारा किंवा सावकाश विरघळणारा दोरा घेतात, आणि म्हणून तुमच्या ओटी नोट्समध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये काय केलं त्याच्या लेखी नोंदीत, काय लिहिलंय ते बघायला हवं, ते पुढे सांगते.

मिनी टमी टक झालं असेल तर अजून एक गोष्ट तपासा. त्यात बऱ्याचदा बेंबीच्या खालचाच भाग शिवतात. वरचा भाग उघडलेलाच नसतो तर तिथला फुगवटा हा टाके तुटल्यामुळे नसतो, तिथे टाके घातलेच नव्हते. हे कळल्यावर खूप जणींना धक्का बसतो, पण कळलेलं बरं.

कुठल्या महिन्यात काय चालायचंच

पहिले सहा आठवडे पोट बघून काहीही निष्कर्ष काढू नका, बेल्ट, सूज, वाकून चालणं, सगळंच तात्पुरतं असतं. तीन महिन्यांपर्यंत सकाळी सपाट आणि संध्याकाळी टम्म हे अगदी कॉमन, दिवसभर उभं राहिलं, पापड-लोणचं-फरसाण जास्त झालं, पाळी जवळ आली की अजून वाढतं. थोडीफार सूज सहा महिने, कुणाकुणाला वर्षभर रेंगाळते. ओळखायची खूण अशी की सुजेचं पोट रात्रीच्या झोपेने उतरतं आणि महिन्यागणिक कमी होत जातं. ज्याचं उलटं चाललंय, म्हणजे दुसऱ्या महिन्यात पोट चांगलं होतं आणि पाचव्यात पुढे आलं, किंवा एके दिवशी जोरात शिंकताना, खोकताना, मुलाला उचलताना "आत काहीतरी टक् झालं" असं जाणवून त्यानंतर एका ठिकाणी उंचवटा दिसायला लागला, तिने सूज म्हणून गप्प बसायचं नाही.

दर पंधरा दिवसांनी सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी, त्याच जागेवर उभं राहून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी परत. वजनही लिहून ठेवा. सर्जनसमोर बसून "मला वाटतं वाढलंय" म्हणण्यापेक्षा असे फोटो दाखवले की बोलणं एकदम वेगळ्या पातळीवर जातं.

घरी तपासायचं कसं

हे सर्जनने हालचालीला परवानगी दिल्यावरच, साधारण दोन-तीन महिन्यांनंतर, त्याच्या आधी मान उचलून बघायचा मोह टाळा.

पलंगावर किंवा सतरंजीवर उताणं पडा, गुडघे दुमडा. आधी नुसतं पडून राहा आणि पोटाचा आकार बघा. उभं असताना पोट पुढे येतं पण आडवं झालं की आत बसतं, बरगड्यांच्या खाली खळगा पडतो, तर पोटाची भिंत सैल आहे असा संशय घ्यायला जागा आहे. आडवं झालं तरी पोट गोल, भरलेलं, वर उचललेलं राहतं आणि वरची कातडी चिमटीत धरली तर पातळच हाताला येते, तर ते आतड्यांभोवतीच्या आतल्या चरबीमुळे असायची शक्यता जास्त. ही चरबी स्नायूंच्या मागे असते, टमी टकने ती निघत नाही, लायपोने, म्हणजे नळीने चरबी ओढून काढतात त्याने, पण निघत नाही, ती फक्त वजन उतरलं तरच उतरते. हा फरक आधी कुणी समजावून सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं, कारण आतली चरबी जास्त असताना स्नायू आवळून शिवले की आतून सतत ढकलणं चालू राहतं आणि चांगली शिवण पण थकते.

मग दोन बोटं बेंबीच्या जरा वर, आडवी नाही, उभ्या मधल्या रेषेवर टेकवा, श्वास सोडत फक्त डोकं उशीवरून थोडंसं उचला, खांदे नाही. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना येऊन भिडल्या पाहिजेत. मधे दोन-तीन बोटं आरामात बुडतायत का बघा, आणि मधली रेष डोंगराच्या सोंडेसारखी वर उचलली जातेय का ते पण बघा. हेच बेंबीच्या तीन बोटं वर, बेंबीपाशी आणि तीन बोटं खाली, तिन्ही ठिकाणी करा आणि लिहून ठेवा. बोटाने मोजलेलं अंतर हे अंदाजच असतं, कुणाची बोटं जाड कुणाची बारीक, पण वर आहे, खाली नाही, एवढं कळलं तरी खूप.

शेवटी उभं राहून हाताचा तळवा पोटावर ठेवून एकदा खोका. संपूर्ण मधली रेष जराशी पुढे येणं वेगळं, आणि एकाच जागी लिंबाएवढा गोळा हाताला धडकणं, जो आडवं झालं की नाहीसा होतो, ते वेगळं. दुसरं दिसलं तर हर्निया तपासून घ्यायलाच हवा, बेंबीपाशी आणि जुन्या सिझेरियनच्या जागी विशेष करून.

मग कारण काय असू शकतं

पहिल्या काही आठवड्यांत खालच्या बाजूला फुगलं असेल, टिचकी मारल्यावर पाण्याची लाट हलल्यासारखं वाटत असेल, कूस बदलली की फुगवटा पण त्या बाजूला सरकतोय, तर कातडीखाली पाणी साचलेलं असतं, सेरोमा म्हणतात त्याला. टाक्यांशी याचा संबंध नाही. आत साचणारं पाणी बाहेर यायला लावलेली ड्रेनची नळी काढल्यावर होतो, सर्जन क्लिनिकमध्येच सिरिंजने काढतात, दोन-चार वेळा काढायला लागू शकतं. पण तसाच ठेवला तर त्याच्याभोवती जाड पिशवी तयार होते, ती मग ऑपरेशनने काढावी लागते आणि बाहेरून ती अगदी टाके सुटल्यासारखीच दिसते. सोनोग्राफीत पाच मिनिटांत कळतं.

बेंबीच्या वरचा फुगवटा, हा सगळ्यात जास्त त्रास देणारा प्रकार आणि माझाही हाच होता, म्हणून जरा थांबून सांगते. परकराची नाडी एके ठिकाणी गच्च आवळली की तिच्या वरचा भाग बाहेर येतो ना, तसंच आत होतं: खालचा भाग घट्ट शिवला, वर बरगड्यांच्या कमानीपर्यंत शिवण पोचली नाही किंवा तिथले वरचे टाके सैल झाले, की पोटातलं सगळं तिथून पुढे येतं. शिवण छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापासून सुरू व्हायला हवी आणि तिथपर्यंत कातडीखालून पोचणं अवघड असतं. त्यात काही जणांचे स्नायू वर बरगड्यांना जोडलेले असतात तेच जन्मतः एकमेकांपासून लांब, अशांना नुसतं मधून दुमडून शिवलं तर ते परत उघडायची शक्यता जास्त, तिथे वेगळ्या पद्धतीने स्नायू मधे आणून शिवावे लागतात. माझ्या बाबतीत सोनोग्राफीत खालचं अंतर एकदम चांगलं आणि वरचं रुंद असं सरळ दिसलं, आणि महिनोन् महिने जो प्रश्न मी गॅस-अ‍ॅसिडिटीवर ढकलत होते त्याचं उत्तर मिळालं.

गॅसचंही खरं असतं म्हणा. पोटाची भिंत घट्ट झाली की आतडं फुगल्याचं पूर्वीपेक्षा जास्त जाणवतं, थोडं खाल्लं तरी गच्च वाटतं, आम्लपित्त वर येतं. सकाळी पोट सपाट, जेवणानंतर तासाभरात फुगलं आणि शौचाला झालं की उतरलं, हे चक्र असेल तर सर्जनच्या आधी पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.

वजन वाढणं आणि पुन्हा गरोदरपण, ही दोन कारणं सगळ्यांना माहीत आहेत. टमी टकनंतर दिवस राहिले तर बाळाला सहसा काही होत नाही, पण शिवण परत ताणली जाते, म्हणून सर्जन आधीच विचारतात की अजून मूल हवंय का.

आणखी एक, फुगवट्याशी संबंध नसलेलं पण टाक्यांशी असलेलं. बारीक बायकांना मधल्या रेषेवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी हाताला लागतात, त्या न विरघळणाऱ्या दोऱ्याच्या गाठी, दुखत नसतील तर सोडून द्या. एखादा दोरा कातडीतून वर यायला लागला, तिथे सारखा पू होतोय, तर तो काढून घ्यावा लागतो, स्वतः ओढायचा नाही. व्रणाच्या दोन्ही टोकांना बोट ठेवलं की विजेसारखी कळ जाते किंवा मांडीची बाहेरची बाजू बधिर झालीये, तर एखादी नस टाक्यात किंवा व्रणात अडकलीये का हे बघून घ्या, त्यावर इंजेक्शन-औषधाने बऱ्याचदा फरक पडतो आणि लवकर सांगितलं तर जास्त पडतो.

सर्जनकडे जाताना

ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच आधी जा, राग असला तरी. आत काय केलंय ते त्यांना माहीत आहे. बरोबर फोटो, वजनाची नोंद, घरी तपासलेलं अंतर, आणि एका कागदावर प्रश्न लिहून न्या, कारण समोर बसलं की निम्मं विसरायला होतं: शिवण वरपासून खालपर्यंत घातली होती का, एका थरात की दोन, दोरा कुठला, ऑपरेशनच्या वेळी हर्निया दिसला होता का, आणि तो दिसला असेल तर त्याचं काय केलं.

तपासणीत सोनोग्राफी मागा, तीही पोटाच्या भिंतीची, नुसती "होल अ‍ॅब्डोमेन" नको, कारण त्यात लिव्हर-किडनी बघून रिपोर्ट देतात आणि स्नायूंचं नावही नसतं. चिठ्ठीवर डायस्टॅसिस आणि हर्निया बघायचा आहे असं लिहून घ्या, आणि तपासताना झोपून, मान उचलून, खोकून असं तिन्ही वेळा अंतर मोजायला सांगा. उभं राहून पण बघितलं तर उत्तम. सीटी स्कॅन लागतो तो मुख्यतः परत ऑपरेशन ठरवताना किंवा हर्निया नक्की कुठे हे कळत नसेल तेव्हा.

कागदपत्रं घ्याच. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेच्या नियमात पेशंटने मागितल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यायचे आणि इनडोअर पेशंटचे रेकॉर्ड तीन वर्षं सांभाळायचे असं स्पष्ट आहे. डिस्चार्ज कार्डवर बहुतेक वेळा फक्त "अ‍ॅब्डोमिनोप्लास्टी (म्हणजे टमी टक) केली" एवढंच असतं, तुम्हाला हव्यात त्या ओटी नोट्स. भांडायला म्हणून मागताय असं वाटू देऊ नका, "दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचंय, फाइलला लागेल" एवढं शांतपणे म्हणा आणि लेखी अर्ज द्या. ज्या जणी अमेरिकेतून, आखातातून सुट्टीत पुण्या-मुंबईत येऊन ऑपरेशन करून जातात त्यांनी तर परत जायच्या आधीच ही फाइल हातात घ्यावी, तिकडचे डॉक्टर कागदाशिवाय हात लावायला कचरतात, आणि लांबचा विमानप्रवास किती दिवसांनी करायचा हे सर्जनकडून लिहून घ्यावं, गुठळीचा धोका तिथेही असतो.

दुसरं मत घ्यायचं तर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी केलेल्या सर्जनचं घ्या. "कॉस्मेटिक स्पेशालिस्ट" अशी पाटी कुणीही लावतं, डिग्री विचारायला लाजू नका. हर्निया निघाला तर हर्नियाची कामं रोज करणारे जनरल सर्जन आणि प्लास्टिक सर्जन दोघांचं मत हवं.

टाके जपायचे कसे

नुकतंच ऑपरेशन झालंय त्यांच्यासाठी हा भाग, आणि ज्यांची शिवण थोडी सैल झालीये त्यांच्यासाठी पण. सगळ्यात मोठे शत्रू तीन: खोकला, कुंथणं आणि उचलणं.

खोकला-सर्दी असताना ऑपरेशनची तारीख पुढे ढकला, नंतर झालीच तर उशी पोटाशी दोन्ही हातांनी धरून, थोडं पुढे वाकून खोका. दुखण्याच्या काही गोळ्यांनी, विशेषतः ट्रामाडॉलसारख्या, संडासला कडक होतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनच इसबगोल किंवा पोट साफ व्हायचं सिरप डॉक्टरांना विचारून सुरू करा, पाणी भरपूर, मुगाची खिचडी, ताक, पपई, भाज्या. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं पहिले दीड-दोन महिने नको, घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची मिळते भाड्याने.

उचलण्याचं म्हणाल तर सहा आठवडे दोन-तीन किलोच्या वर काही नाही, आणि घरात दोन-तीन किलो किती लवकर होतात ते बघा. अर्धी बादली पाणी पाच किलोच्या वर जाते, भरलेला मोठा कुकर, पिठाचा डबा, दीड वर्षाचं मूल, हे सगळं बंद. भरलेला गॅस सिलेंडर जवळपास तीस किलोचा असतो, तो तर तीन महिने सरकवायचाही नाही. मुलाला कुशीत घ्यायचं असेल तर तुम्ही बसा आणि त्याला कुणीतरी मांडीवर आणून ठेवू दे. घरच्यांना हे तोंडी सांगून उपयोग नसतो, सर्जनकडून लिहून आणा, सासूबाई पण कागदाला मान देतात.

अंथरुणावरून उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटून उठा. झोपताना पाठीला आणि गुडघ्याखाली उशा. बेल्ट सर्जन सांगतील तेवढे आठवडे, बहुतेक जण सहा सांगतात, पण बेल्टने टाके टिकतात असं नाही, त्याचा आधार वाटतो, हालचाल सोपी जाते. बाळंतिणीचं पोट बांधतात तसं जीव खाऊन आवळू नका, आत दाब वाढतो आणि कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो. तंबाखू, सिगरेट आणि मिश्री, तिन्ही ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान महिनाभर पूर्ण बंद. मिश्रीला बायका व्यसन धरत नाहीत आणि डॉक्टरांना सांगत नाहीत, पण निकोटीन त्यातही असतंच, आणि त्यानेच व्रणाची कातडी काळी पडते.

व्यायामाचं सांगायचं तर चालणं दुसऱ्या दिवसापासून, घरातल्या घरात, वाकून का होईना. बाकी पोटाचा व्यायाम आठ ते बारा आठवडे नाही. आणि एक खास आपल्याकडचं: कपालभाती आणि भस्त्रिका "पोट आत जाण्यासाठी" म्हणून कुणीतरी सुचवतंच, पण त्यात पोटाला सारखे झटके बसतात, नव्या शिवणीला ते नकोत. नौकासन, सिट-अप्स, प्लँक, दोन्ही पाय एकदम उचलणं, सूर्यनमस्कार हे सगळं नंतर, परवानगी मिळाल्यावर. सुरुवात श्वासाने करा. उताणं पडून नाकाने श्वास घ्या, बरगड्या बाजूला फुलू द्या, सोडताना बेंबीच्या खालचा भाग हलकेच आत आणि लघवी थोपवल्यासारखं खालून वर ओढा, दोन-तीन सेकंद, सोडून द्या. ते जमलं की पाय एक एक करून जमिनीवरून घसरत लांब करायचा, मग बसून-उठून, आणि प्रत्येक जोराच्या वेळी श्वास बाहेर सोडत. करताना मधली रेष वर उचलली जात असेल तर तो व्यायाम तुमच्यासाठी अजून जड आहे, खालच्या पायरीवर या. बाळंतपणानंतरच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आता पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपूरलाही मिळतात आणि ऑनलाइनही बघतात.

ज्यांची शिवण शाबूत आहे पण स्नायू इतकी वर्षं झोपलेले होते, त्यांचं पोट निव्वळ अशा व्यायामाने तीन-चार महिन्यांत बरंच आत जातं, कारण पडदा जवळ आणला तरी त्याला ओढून धरायचं काम शेवटी स्नायूच करतात.

परत ऑपरेशन करायचं का

हर्निया असेल तर तो बहुतेक वेळा दुरुस्त करावा लागतो, कधी हे सर्जन ठरवतील. नुसता फुगवटा असेल, दुखत नसेल, कंबर धरत नसेल, तर घाई नको, सूज पूर्ण उतरून आतला व्रण मऊ व्हायला सहा महिने ते वर्ष द्या, वजन किमान काही महिने एका जागी स्थिर ठेवा, पुन्हा मूल नकोय हे पक्कं करा.

करायचं ठरलं तर कारणावर पद्धत ठरते. एखाद-दुसरा टाका सुटलाय तर परत शिवता येतं, जुना व्रणच उघडून. पडदाच कमजोर, पातळ झालाय, अंतर मोठं आहे, किंवा सोबत हर्निया आहे, तर जाळी बसवायचा विचार करतात, हर्नियाला बसवतात तीच पॉलिप्रॉपिलीनची, बहुतेक वेळा स्नायूंच्या मागच्या थरात. जाळीला घाबरायचं कारण नाही पण जाळी टाकताना इन्फेक्शन झालं तर निस्तरणं जास्त कठीण असतं, म्हणून शुगर ताब्यात, तंबाखू बंद, कुठे जखम नाही, हे सगळं बघून. आणि सर्जनला हे सरळ विचारा की पहिल्या वेळी जे कमी पडलं ते या वेळी वेगळं काय करणार. "परत घट्ट शिवू" एवढंच उत्तर मिळालं तर अजून एका सर्जनला दाखवा, कारण ज्या पडद्याने एकदा ताण सोसला नाही तो त्याच ताणाला दुसऱ्यांदा पण सोसेलच असं नाही.

पैशाचं आधीच लिहून घ्या, फुकट करून देतो म्हणतात तेव्हा सर्जनची फी माफ असते, भूलतज्ज्ञ, ओटी, हॉस्पिटलचा बेड आणि जाळी यांचं बिल येतंच. हेल्थ इन्शुरन्समध्ये कॉस्मेटिक सर्जरी वगळलेलीच असते, पण सोनोग्राफीत हर्निया सिद्ध झाला असेल तर त्याचा क्लेम वेगळा होऊ शकतो, पॉलिसीतला वेटिंग पीरियड संपलाय का ते बघा, आधीचं टमी टक लपवू नका, आणि अ‍ॅडमिट व्हायच्या आधी कंपनीकडून लेखी मंजुरी घ्या, सर्जनला डिस्चार्ज कार्डवर हर्नियाचं काम आणि सौंदर्याचं काम वेगवेगळं लिहायला सांगा.